मावशींचे खाडे कापू नका

‘मसाज पार्लरवर छापा’ असं छापणाऱ्या प्रत्येक बातमीदाराला मला एक विचारायचं आहे. छापा पडला तिथे मसाज होत होता का? तिथे देहविक्री चालली होती, बायकांना कोंडून ठेवलं होतं, त्यांच्यावर कुणीतरी पैसे मिळवत होतं. मग तसंच लिहा. गुन्ह्याला गुन्ह्याचं नाव द्या. एका चांगल्या हुन्नराच्या तोंडाला रोज काळं फासायचं काही कारण नाही. तुमच्या या मथळ्यांमुळे आज ‘मी मसाज करते’ असं सांगताना बाईला आधी इकडेतिकडे बघावं लागतं, आणि ऐकणारा पुरुष ओशट हसतो.

हे दुखणं जुनं आहे. १८९४ साली लंडनमध्ये हेच झालं होतं. मसाजच्या पाट्या लावून भलतेच धंदे चालतात, असा बोभाटा तिथल्या वैद्यकीय साप्ताहिकानं केला आणि शहरात खळबळ उडाली. त्यात होरपळल्या त्या रुग्णांच्या आखडलेल्या सांध्यांवर इमानानं काम करणाऱ्या परिचारिका आणि सुईणी. त्या तोंड लपवून बसल्या नाहीत. त्यातल्या चौघींनी त्याच वर्षी आपली संस्था काढली, परीक्षा ठेवली आणि नियम कडक केले: डॉक्टरच्या सांगण्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, वैद्यकीय पत्रं सोडून कुठे जाहिरात द्यायची नाही, रुग्णाला औषधं विकायची नाहीत. पुढे पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हातपाय पुन्हा चालते करण्याच्या कामी मसाज शिकलेल्या बायका इस्पितळांत राबल्या. १९२० साली त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची जी मोठी संस्था आहे, ती हीच. बदनामीनंतर सव्वीस वर्षांत सनद! आपण इतक्या वर्षांत काय केलं? फिदीफिदी हसलो.

‘मसाज’ हा शब्द मुळात आला कुठून? इंग्रजीनं तो फ्रेंचांकडून घेतला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रेंचांकडे तो कसा आला, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, अरबीतून. तिथे ‘मस्स’ म्हणजे स्पर्श करणं, हातानं चाचपणं. दुसरा म्हणतो, पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत ‘आमासार’ म्हणजे कणीक मळणं, आणि फ्रेंचांनी ते क्रियापद हिंदुस्थानात उचललं. माझा कल कणकेकडे आहे. ज्यानं तेल लावलेल्या पोटरीवर अंगठे फिरताना पाहिलेत, त्याला हे पटवावं लागत नाही.

फ्रेंचमध्ये या क्रियापदाचा एक अगदी जुना दाखला आहे तो ल जांती नावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या १७७९ च्या प्रवासवर्णनात. हा माणूस सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र बघायला पाँडिचेरीला निघाला होता. १७६१ साली तो पोचेपर्यंत पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली, आणि शुक्र सरकला तेव्हा हा भर समुद्रात हलत्या जहाजावर. मोजमाप करणार कसं? पुढच्या खेपेसाठी गडी आठ वर्षं इकडेच थांबला. १७६९ साली पाँडिचेरीत दुर्बीण लावून बसला, तर ऐन वेळी आभाळ भरून आलं. घरी परतला, तर नातेवाइकांनी त्याला मेलेला धरून मालमत्तेची वाटणी काढलेली. शुक्र हातचा गेला, पण हिंदी महासागराच्या काठाकाठानं त्यानं जे पाहिलं ते सगळं लिहून ठेवलं, आणि त्यातच हा शब्दही राहिला. त्याच्या चिकाटीला माझा नमस्कार.

दुसरा शब्द तर निर्विवाद आपल्याकडून गेला. शांपू. चांपणं, दाबणं, चेपणं यातला चांपो. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमदानं इंग्लंडात ब्रायटनला समुद्रकाठी वाफेचं स्नानगृह काढलं, तिथे औषधी वाफेत बसवून तो गोऱ्या साहेबांची अंगं चेपू लागला, आणि चौथ्या जॉर्जनं त्याला आपला ‘शांपूइंग सर्जन’ नेमलं. शांपू म्हणजे तेव्हा अंग चेपणं. केस धुण्याशी त्याची गाठ मागाहून पडली.

याच पाटण्याचा आणखी एक मालिशवाला आपल्या रंगभूमीला ठाऊक आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला संवाहक पाटलीपुत्राचा, घरचा बरा. उज्जयिनीत येऊन तो नायक चारुदत्ताचं अंग चेपायच्या चाकरीला लागतो. चारुदत्त कफल्लक झाल्यावर संवाहक जुगारात बुडतो, दहा सुवर्णमुद्रांच्या देण्यापायी पळत सुटतो. नायिका वसंतसेना त्याच्या कलेचं कौतुक करते, तेव्हा तो सांगतो की शिकलो होतो कला म्हणून, आता तिच्यावर पोट भरतो. ती हातातलं कडं देऊन त्याला सोडवते, आणि तो भिक्षू होतो. खलनायक शकारानं गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेला शेवटी शुद्धीवर कोण आणतं? हाच, आपलं ओलं चीवर पिळून तिच्यावर पाणी घालून. नाटककारानं नायिकेचा जीव त्या नाटकातल्या मालिशवाल्याच्या हाती सोपवला, यासाठी मी शूद्रकाला मानतो.

सगळं जगाला आम्हीच दिलं म्हणून छाती काढणाऱ्यांनी आता जरा घरात बघावं. बाळंतिणीच्या खोलीत सकाळी ज्या मावशी येतात, त्यांच्याकडे.

मावशी आधी हात धुतात, बांगड्या वर सारतात. पाटावर बसून पाय लांब करतात आणि नडग्यांवर बाळाला पालथं घेतात. कोमट तेलाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर. मग खांद्यापासून कमरेपर्यंत अंगठे एका चालीनं उतरतात. उताणं केल्यावर पोटावर दोन बोटं गोल फिरतात, नाळेची जागा चुकवून. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. बाळ रडायला लागलं की हात हलका होतो, थांबत नाही. पाणी अंगावर घेताना तळहात आडवा धरतात, म्हणजे धार तोंडावर येत नाही. बाळ दुपट्यात गुंडाळून झालं की बाळंतीण: कंबर, मांड्या, पोटऱ्या, अवघडलेले खांदे. घरात कुणी तिला ‘तुला कुठं दुखतंय?’ असं विचारलेलं नसतं. मावशी विचारतात. आणि आठ दिवस नीट झोप न झालेली ती पोरगी त्यांच्याशीच घडाघडा बोलते.

आणि आपण काय करतो? ‘शेजारच्यांकडे तर कमी घेतलेत की!’ रविवारची सुट्टी नाही. आजारी पडून दोन दिवस आल्या नाहीत तर खाडे कापतो. चार घरं करून पाचव्याला जाताना त्यांची स्वतःची कंबर धरलेली असते. तीच माणसं सुट्टीला रिसॉर्टवर गेली की तासाभराच्या मसाजचे चार आकडी पैसे करासकट निमूट भरतात, वर बक्षिसीही ठेवतात. बांबूचं झाड, मंद दिवे आणि इंग्रजी पाटी यांचे पैसे द्यायला हात आखडत नाही. मावशींपुढे मात्र घासाघीस. हा कद्रूपणा आहे.

मावशींच्या सगळ्याच रीती बरोबर असतात, असं मी म्हणणार नाही. नाकात, कानात तेल सोडणं थांबलं पाहिजे. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर बाळाच्या जिवावर बेततं. छाती पिळणं, टाळू दाबून भरणं, कोंडलेल्या खोलीत धुरी देणं, हेही बंद व्हायला हवं. डॉक्टर हे सांगतात, पण सांगतात आईला, आजीला. ज्यांचे हात चालतात त्यांना कोण शिकवणार? मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम इस्पितळात फिजिओथेरपीची शाळा निघाली. तेव्हापासून शेक, वाफ, व्यायाम, हाताचा दाब यांचं रीतसर शिक्षण आपल्याकडे आहे, पदव्या आहेत, महाविद्यालयं आहेत. मावशींच्या वस्तीपर्यंत त्यातलं किती पोचलं? जिल्हा रुग्णालयात चार शनिवार दुपारचे वर्ग घेता येतील. तेल कुठलं, दाब किती, बाळाला ताप असेल तर काय करायचं, पिवळेपणा दिसला तर कुणाकडे पाठवायचं. बाळाला रोज उघडं बघणारी बाहेरची व्यक्ती या बायकांशिवाय दुसरी कोण असते? त्यांची नजर तयार केली तर किती दुखणी वेळेवर डॉक्टरांपुढे येतील!

वर्गाच्या शेवटी नावानिशी एक दाखला द्या, फोटोसह. तो दाखवून मावशी नव्या घरात ताठ मानेनं आपला दर सांगतील. वर्ग सरकारनं घ्यायचे आहेत, त्याला वेळ लागेल. पण महिन्याचे पैसे एक तारखेला देणं, आठवड्याची एक सुट्टी भरपगारी धरणं, आजारपणाचे खाडे न कापणं आणि मावशींना त्यांचं नाव विचारणं, याला सरकार लागत नाही. तुमच्या घरी सध्या बाळंतीण असेल तर मावशी उद्या सकाळी येतीलच. तेवढ्यात पैसे मोजून ठेवा.