वर्गणीचा समास

आमच्या जामुलला सिमेंट, शेजारी भिलाईत पोलाद. दोन्ही मालांना गिऱ्हाईक दारात चालत येतं. अशा मुलखात बसून कागद खपवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, याचं मला फार नवल वाटतं. त्यातून माणूस मराठी आणि कागद हिंदी!

माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. कुठून, तर पेंड्र्याहून. सरकारी नोकरी नाकारून ते तिथल्या राजकुमाराला शिकवायला गेले होते. त्या पगारातून शिल्लक टाकून हा उद्योग. संपादनाला सोबत रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. नावं वाचून वाटतं, गणेशोत्सवाची समितीच बसली आहे! अंक छापायचा मात्र आधी रायपूरला, मग नागपूरला. संपादक जंगलात आणि खिळे शहरात.

एप्रिल १९०१ मध्ये त्यात सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ आली. झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराकडे म्हातारी टोपलीभर माती मागते आणि म्हणते, जरा हात लावा. जमीनदाराला टोपली उचलवत नाही. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांत हिची गणना होते. पण मासिकाचा तोटा सप्र्यांनाही उचलवला नाही. डिसेंबर १९०२ मध्ये ‘मित्र’ बंद पडला.

सप्र्यांनी पुढे ‘दासबोध’ हिंदीत आणला. आमच्या शेजारचे पंडितजी तोच वाचतात आणि मला ऐकवतात, “भाईसाब, ये तो हमारा ग्रंथ है.” मी वाद घालत नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा. अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सरळ ठेवाव्या, कागद, लेखणी, शाई, सगळं समर्थांनी सांगितलं आहे. वर्गणी कशी वसूल करावी, यावर एक ओवी नाही! तो समास उतरवताना सप्रे गालात हसले असतील, असा आपला माझा अंदाज.

एकदा हात पोळले की शहाणा माणूस किराणा दुकान टाकतो. सप्र्यांनी १९०६ मध्ये नागपुरात ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून १९०७ मध्ये, टिळकांच्या ‘केसरी’च्या वळणावर, ‘हिंदी केसरी’. यावेळी सरकार मात्र नेमानं वाचू लागलं. १९०८ मध्ये सप्र्यांना राजद्रोहाखाली अटक झाली.