दहा मिनिटांचं वऱ्हाड

अमरावती ते अकोला हवाई अंतर सुमारे 82 किलोमीटर. एटीआर जातीचं विमान ताशी पाचशेच्या वेगाने निघालं, तर दहा मिनिटांत पोचेल. हिशेब बिनचूक आहे. उणीव एवढीच की या मार्गावर विमान नाही.

अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईची सेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणीत धावपट्टी 1943 पासूनची. पण तिच्या विस्ताराचं घोडं कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडलेलं. आश्वासनं तेवढी दर निवडणुकीला वेळेवर उतरतात.

तरीही हौस असेल त्याने बेलोऱ्याहून मुंबई गाठावी आणि रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने परत फिरावं. अकोला अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या आधी येत असल्याने तेवढेच ऐंशी किलोमीटर वाचतात!

आपल्याला घाई जमत नाही असंही नाही. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना एका मार्गिकेचा 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत पडला आणि गिनीज बुकात गेला. धावपट्टीलाही कुणीतरी विक्रमाचं आमिष दाखवायला हवं. विलंबाचा विक्रम तर तिने नोंदणीविनाच केला आहे.

आणि उद्या खरंच विमान सुरू झालं, तर पहिली मागणी मूर्तिजापुरातून येईल: ‘‘मंग मदात आमच्या इथं थांबनार का नाई, बाप्पा?’’