कागाळ न्हय हां, पूण…

तेरेखोलचे अंकल तुम्हाला माहीत आहेतच. तुमच्याकडे त्यांना दुसरं नाव असेल. आरोंद्यात ते मास्तर असतात, रेडीला तात्या, दादरला सोसायटीचे माजी सेक्रेटरी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर चहाच्या दर टेबलामागे एक सापडतो. तेरेखोलची आवृत्ती जुन्या तारवट्याची. उमेदीची वर्षं बोटीवर गेली, आणि दोन बोटींच्या मधले महिने मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात. बोटीवर ते कुक होते. बोटीवरचं जेवण माणसाने तोंडात घालण्याच्या लायकीचं नसतं, असं ते आजही शपथेवर सांगतात.

(हे चित्र कुणा एकाचं नाही, चार-पाच जणांचं मिळून झालेलं आहे. कुणाला त्यात शेजारी दिसला तर ज्याचं त्याने बघावं. स्वतःच दिसला तर मात्र पुढे वाचावं.)

अंकलची प्रत्येक तक्रार एकाच दारातून बाहेर पडते : "कागाळ न्हय हां, पूण…" हे 'पूण' कानावर आलं की बाल्कांवावर बसलेल्या पाहुण्याला घरची कामं आठवतात, फेरीवरचा खलाशी उगाचच दोर सोडून पुन्हा बांधतो, आणि आंटी आत जाऊन आमटीला दुसऱ्यांदा फोडणी देते. पोदेर सकाळी भोंगा वाजवत आला, तर "कागाळ न्हय हां, पूण गावात आग लागलीय का?" न वाजवता गेला, तर "कागाळ न्हय हां, पूण पाव आला हे आम्ही काय स्वप्नात बघायचं?" पाव मऊ, उंडो कडक, पोई शिळी आणि कांकणाचं भोक मोठं. पावाच्या भोकाविषयी तक्रार असलेला दुसरा इसम पेडणे तालुक्यात नसावा.

मासळीचंही तसंच. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. ते दोन महिने सुक्या बांगड्यावर काढताना अंकल बंदी घालणाऱ्यांचा उद्धार करतात. ऑगस्टमध्ये ताजी मासळी आली की हातात धरून उलटसुलट करतात : "कागाळ न्हय हां, पूण ही तर पिल्लं. बंदी आणखी महिनाभर ठेवायला काय झालं होतं?"

खरं तर अशा माणसासाठी तेरेखोलपेक्षा सोयीची जागा देवाने निर्माण केलेली नाही. तेरेखोल नदीच्या दक्षिण काठावर केरी, म्हणजे गोवा. उत्तर काठावर तेरेखोल, म्हणजे पुन्हा गोवाच. पण तेरेखोलच्या पाठीला लागून रेडी, म्हणजे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा. आपल्याच पंचायतीत जायला नदी ओलांडावी लागते, कारण पंचायत केरी-तेरेखोल अशी जोडीची आहे. फेरीत माणसांना तिकीट पडत नाही, पण ओहोटीला वाळू वर आली की ती खोळंबते. मग रेडीवरून, आरोंद्यावरून परराज्याची प्रदक्षिणा घालून आपल्या राज्यात शिरायचं. अंकल स्वतःच्या बाल्कांवावर, आजोबांच्या खुर्चीत बसलेले असतात आणि खिशातला मोबाइल 'महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे' म्हणतो.

या सगळ्याचा मूळ आरोपीही त्यांनी शोधून काढलेला आहे. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने, पुढे ज्याला अलोर्नाचा मार्क्विस म्हणतात त्याने, तो जिंकला. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे आला 1788 मध्ये. म्हणजे मधली 42 वर्षं नदीपलीकडचा हा एकटा तुकडा सांभाळत ते बसले होते. "कागाळ न्हय हां," अंकल म्हणतात, "पूण घेताना जायच्या-यायच्या वाटेचा विचार नको करायला?" मार्क्विसला जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली. अंकलच्या दप्तरी प्रकरण चालू आहे.

त्यांच्या तक्रारी खोट्या असत्या तर गोष्ट सोपी होती. फेरी खोळंबते हे खरंच आहे. केरी-तेरेखोल पुलाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, हेही खरं. गोल्फच्या मैदानासाठी गावची जमीन गेली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसणारी माणसं कोर्टाची पायरी चढली, हेही खरं. अंकलची खोड अशी की कुळांचे हक्क आणि कांकणाचं भोक ही दोन्ही प्रकरणं ते एकाच आवाजात, एकाच ताणाने मांडत. ऐकणाऱ्याने दोन्हींवर सारखीच मान हलवायची आणि फेरी लागली की पळायचं.

गावच्या पाद्रींनी त्यांना धरलं ते राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याच्या, आधी. उपवासकाळ गोव्यात नेमका काजूच्या हंगामात येतो, भट्टीतून पहिलं हुर्राक उतरायला लागतं तेव्हा. अंकल दरवर्षी हुर्राक सोडत, आणि ते सोडल्याबद्दल चाळीस दिवस कुरकुरत. पाद्री म्हणाले, "अंकल, या वर्षी हुर्राक घ्या खुशाल. कागाळी सोडा." अंकलनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निरोप धाडला, की हुर्राकच सोडतो.

पाद्रीही हटणारे नव्हते. त्यांनी 'गणना' पुस्तकाचा अकरावा अध्याय काढला. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले, रानात रोज आयता मान्ना मिळू लागला, तरी त्यांचं रडगाणं चालू : मिसरात मासे मिळायचे, काकड्या मिळायच्या, कांदे-लसूण मिळायचं. कुरकुर करणाऱ्या त्या पिढीची चाळीस वर्षं वाळवंटातच गेली. अंकलनी सगळं मन लावून ऐकलं. मग त्यांच्यातला कुक जागा झाला. "कागाळ न्हय हां फादर, पूण रोज तोच एक पदार्थ? माझ्या बोटीवर दंगा झाला असता. मासे मागितले त्यात बिचाऱ्यांचं काय चुकलं?"

मग फिलिप्पैकरांस पत्र. सगळं काही कुरकुर न करता करा, असं पौल त्यात लिहितो, आणि लिहितो तो तुरुंगातून. यावर अंकल थोडे नरमले. तुरुंगापुढे फेरी काय! पण सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने त्यांना खरं पेचात टाकलं. कुरकुर हा मठाला लागणारा रोग आहे, हे तो पुन्हा पुन्हा बजावतो. मठवासीयांना रोजची वाईन किती द्यायची तेही तो ठरवून देतो, आणि वर म्हणतो की ज्या मुलखात तेवढी मिळत नसेल तिथे देवाची स्तुती करावी, कुरकुरू नये. वाईन न मिळताही गप्प बसणारी माणसं जगात होऊन गेली, ही बातमी अंकलना मोझेसने समुद्र दुभंगल्यापेक्षा अवघड वाटली.

त्यातच इंग्लंडमधल्या स्विंडनहून पुतणी सुट्टीवर आली. तिथे आता गोवेकर एवढे झालेत, की एखाद्या चर्चमध्ये अर्धं पेडणं भेटावं. तिने जांभळा रबरी पट्टा आणला. 2006 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या विल बोवेन नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या मंडळीला असे पट्टे वाटले होते. पट्टा मनगटात घालायचा, तोंडातून तक्रार गेली की काढून दुसऱ्या मनगटात चढवायचा. सलग 21 दिवस तो एकाच हातावर राहिला की माणूस सुधारला. बघता बघता हे खूळ जगभर पसरलं.

अंकलनी पट्टा हातात घेतला, ताणून पाहिला. "कागाळ न्हय हां, पूण हा घट्ट आहे." पुतणीने काही न बोलता दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं. तो उजव्या हातात गेला. "रंग तर बघ, उपवासकाळातल्या पाद्रीच्या झग्याचा!" डाव्या हातात. "आता काय दिवसभर हेच करत बसू?" उजव्या. न्याहारीपर्यंत मनगटावरचे केस गेले. दुपारी त्यांनी तोडगा काढला : दोन्ही हातांत एकेक पट्टा घालायचा, म्हणजे हलवायला जागाच नको. दुसरा पट्टा पुतणीने दिला नाही. तिच्या कंजूषपणाबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं, ते म्हणताना पट्टा तीनदा इकडून तिकडे झाला.

तरी ते मागे हटले नाहीत, हे नोंदवायला हवं. पहिल्या आठवड्यात सोमवार ते शनिवार अंकल दात आवळून बसले. रविवारी सकाळी मिसा संपली आणि चर्चबाहेर बांध फुटला. पोदेर, ओहोटी, पंचायत, मार्क्विस, सहा दिवसांचा सगळा साठा. पाद्री धावत आले. अंकल शांतपणे म्हणाले, "फादर, राखेच्या बुधवारपासून पास्काच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस होतात 46. तुम्ही म्हणता उपवास चाळीस. सहा रविवार उपवासात धरत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत." हिशेब बरोबर होता. पाद्रींनी टोपी काढून घाम पुसला.

पुढचा उपाय थेट रोमहून आला. 2017 च्या जुलैत पोप फ्रान्सिसनी आपल्या खोलीच्या दारावर 'तक्रार करण्यास मनाई' अशी इटालियन पाटी लावली होती. साल्वो नोए या मानसशास्त्रज्ञाने ती त्यांना भेट दिलेली. नियम मोडणाऱ्याला आपल्यावर सतत अन्यायच होतोय असं वाटण्याचा विकार जडेल, असं तिच्यावर लिहिलं होतं. मुलांसमोर मोडला तर दंड दुप्पट. पाद्रींनी तिची प्रत छापून आणली. अंकलनी ती दारावर ठोकली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि ओठ घट्ट मिटले. पाटी डावीकडे कलली होती. त्या दिवशी अंकल जेवले नाहीत.

आता गंमत अशी, की असा उपदेश ज्यांच्याविरुद्ध तक्रार असते त्यांना फार आवडतो. अंकलनी मौन धरल्याची बातमी नदीपलीकडे पोचली आणि एका कचेरीतले एक साहेब म्हणे जाहीरपणे म्हणाले, की असे पाद्री प्रत्येक गावाला हवेत. धक्क्यावरचा दिवा त्याच आठवड्यात गेला. एक रात्र गेली, दोन गेल्या, तिसऱ्या रात्री एक बाई अंधारात घसरून पडली. दिवा गेल्याचं साऱ्या गावाला दिसत होतं, पण कळवलं कुणीच नव्हतं. ते काम अंकल करतात, असं गावाने न सांगता धरलेलं होतं. कटकट्या म्हणून ज्यांच्यापासून लोक पळत, त्यांच्याच कटकटीवर गावचे दिवे लागत होते.

पाद्री त्या रात्री अंकलकडे गेले, आणि या वेळी त्यांनी बायबलचं वेगळं पान उघडलं. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची आहेत. किती काळ वाट पाहू, का विसरलास, शत्रू हसतायत आणि तू गप्प कसा, असं देवाला तोंडावर विचारणारी. ईयोबाने तर देवाला जवळजवळ कोर्टातच खेचलं. ते सगळं पवित्र ग्रंथात शिल्लक आहे, कुणी खोडलेलं नाही. रानातली माणसं चुकली ती तंबूच्या दारात एकमेकांकडे रडत बसली म्हणून. "तुमचं दुखणं देवाला सांगा, अंकल. आणि दिवा ज्याने लावायचा त्याला लिहून द्या. आंटीने, पोदेराने आणि खलाशाने तुमचं काय घोडं मारलंय?"

अंकल बराच वेळ गप्प होते. मग उठले आणि माळ्यावरून बोटीवरची जुनी पत्र्याची पेटी काढली. आत अर्ज होते. ओहोटीला फेरी किती वाजता थांबली याच्या नोंदी, पोच म्हणून घेतलेले शिक्के, कुणाच्या शेतात कोण कधीपासून कसत होता याच्या साक्षी, शेजाऱ्यांच्या नावाने पण अंकलच्या अक्षरात लिहिलेल्या. त्यातले कितीतरी शेजारी आता गावात नाहीत. घरांना कुलपं आहेत आणि कुलपांच्या किल्ल्या अंकलच्या खुंटीला. तोंडाने माणूस जन्मभर कांकणाच्या भोकाबद्दल बोलत राहिला, आणि कामाचं जे होतं ते कुणाला न सांगता लिहून ठेवलं. पाद्रींना ही पेटी ठाऊक नव्हती. आंटीला होती. तिने पुसलेल्या खणांत नव्या कागदाचं बंडल पूर्वीच ठेवलेलं होतं.

दिव्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीने गेला. पाचव्या दिवशी दिवा लागला.

अंकल सुधारले का? बऱ्यापैकी. आता ते रोज संध्याकाळी क्रुसाजवळ उभे राहून देवाशी बोलतात. ओठ हलतात, मधूनच हात वर जातो, आणि 'पूण' लांबूनही ओळखू येतं. देवाला तिथून उठून जायची सोय नाही, त्यामुळे पोदेर खूश आहे. बांगड्याबद्दल आंटीला आता आठवड्यातून एकदाच ऐकावं लागतं, आणि त्यानंतर ते स्वतःहून "देव बरें करूं" म्हणतात, ते ऐकून ती पहिल्यांदा घाबरली होती. जांभळा पट्टा सैल होऊन गेला. तो सध्या माडीच्या बाटलीला बूच घट्ट धरायला आहे.

मे महिन्यात पाद्रींची बदली होणार अशी कुणकुण लागली. अंकलनी पेटीतला कोरा कागद काढला आणि पणजीला, आल्तिन्होच्या आर्चबिशपांच्या नावे चार पानी पत्र लिहिलं. पहिली साडेतीन पानं पाद्रींच्या उणिवांची : प्रवचन लांबतं, माइक शिट्टी मारतो, गाण्याचा सूर चढा लागतो, रविवारच्या हिशेबात कच्चे आहेत, पाटी वाकडी छापून आणतात. उरलेल्या अर्ध्या पानात विनंती अशी, की इतके दोष असलेला पाद्री दुसऱ्या गावी पाठवून तिथल्या गरीब भाविकांना विनाकारण त्रास देऊ नये. तेरेखोलला त्यांची सवय झालेली आहे, तरी त्यांना इथेच ठेवावं. खाली सही, आणि सहीखाली गावातल्या उरलेल्या प्रत्येक घराची सही. पोच घ्यायला अंकल स्वतः गेले. जाताना ओहोटी होती.