आपलं कोनं देनं नही!

"ऐकलं का वहिनी, आमच्या पोऱ्याला मोटरसायकल देत नाही म्हणे तो फायनान्सवाला!"

"का? पगाराची स्लिप नव्हती?"

"होती ना माय! ब्राह्मणवेलला पवनचक्कीवर जातो, महिन्याच्या महिन्याला पगार बँकेत पडतो. तरी म्हणे, तुमची हिस्टरी नाही. चोवीस वर्षांच्या पोऱ्याची कुठली हिस्टरी? ती भामेरच्या किल्ल्याची असते!"

अक्का कुंपणापलीकडे खाटेवरचे बिबडे उलटत होत्या. एक डोळा बिबड्यांवर, एक समोरच्या बकरीवर, आणि कान माझ्याकडे. पतसंस्थेच्या काउंटरवर माझी हयात गेली, त्यामुळे गल्लीत पैशाचं काहीही अडलं की माझ्या कुंपणाशी येतं.

"सिबिल बघितलं असेल त्यानं," मी म्हटलं.

"तेच, तेच! पण ते तर शेतकऱ्यांचं ना? मुख्यमंत्र्यांनी बँकांना दम दिला होता, पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून."

"तो पीककर्जापुरता, अक्का. २०२५ च्या खरिपाआधी फडणवीस बोलले होते ते. गाडीच्या कर्जाला सगळेच बघतात. सिबिल ही एक कंपनी आहे, २००० साली निघालेली. तसल्या आता चार आहेत. कुणी कुठल्या बँकेकडून किती घेतलं, हप्ता कोणत्या तारखेला भरला, ते सगळं बँका त्यांना निदान पंधरवड्याला एकदा कळवतात. त्यावरून माणसाला ३०० ते ९०० मधला एक आकडा मिळतो. साडेसातशेच्या वर असला की साहेब खुर्ची देतो."

"मग आमच्या पोऱ्याचा किती?"

"आकडाच नाही. तिथं 'एनएच', म्हणजे नो हिस्टरी, लिहिलेलं असेल."

"एनएच? तो तर आपल्या साक्रीतून सुरतला जातो!"

हसून झाल्यावर अक्का एकदम गंभीर झाल्या. "पण वहिनी, किराणावाल्याला विचारा. लग्न होऊन आले तेव्हापासून वहीत खातं आहे. ह्यांचा एसटीचा पगार झाला की पहिले त्याचे पैसे. लॉकडाऊनमध्ये पगार रखडले, तरी त्यानं तेलाचा डबा अडवला नाही. आमच्या घराला नाही म्हणतो तो कालचा पोरगा?"

"किराणावाला तुम्हाला ओळखतो. कॉम्प्युटरला फक्त बँकेनं कळवलेलं कळतं. माझ्या पतसंस्थेत कितीतरी लोकांनी अगदी घड्याळ लावून हप्ते भरले, पण पतसंस्थेचं फेडलेलं बहुतेक वेळा तिथं पोहोचतच नाही. वाईट वागलात असं तो म्हणत नाही, अक्का. तुम्ही त्याला दिसलाच नाहीत."

"ह्यांचंच ऐकत आलो ना आम्ही. कुणी कर्जाचं नाव काढलं की हे छाती काढून सांगतात, आपलं कोनं देनं नही नि कोनं लेनं नही! २०१७ ला दीड लाखाची माफी झाली, २०१९ ला दोन लाखांची. नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत बक्षीस मिळालं. आमचं कर्जच नव्हतं म्हणून माफी नाही, फेडायचं काही नव्हतं म्हणून बक्षीस नाही, आणि आता त्याच पायी पोऱ्याला गाडी नाही!"

हे मात्र अक्कांनी लाखातलं सांगितलं. तरी मी म्हटलं, "पोऱ्याला सांगा, नुसती हिस्टरी नाही एवढ्यावरून पहिलं कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही सरकारनं तेच सांगितलं. तेव्हा पगार जमा होतो त्याच बँकेत जाऊन लेखी अर्ज दे म्हणावं. बाकीची चौकशी ते करतील, तो त्यांचा हक्क आहे."

"तो म्हणतो क्रेडिट कार्ड घेतो. मित्रांनी सांगितलं, कार्ड घेतलं की आकडा तयार होतो. मी म्हटलं, घरात कार्ड आणलंस तर बिबडे तळणार नाही! ते कोपऱ्यावरचं घर माहीत आहे ना?"

माहीत कसं नसणार! सगळ्या गल्लीला माहीत आहे. तिथल्या थोरल्यानं कार्डावर टीव्ही घेतला, फ्रिज घेतला, सासऱ्यांना मोबाइल घेतला. मग दर महिन्याला बिलाखाली लिहिलेली सगळ्यात लहान रक्कम भरत राहिला. भरतोय तर खरं, या समाधानात होता.

"तीच चूक, अक्का. बिलावर दोन आकडे असतात. एक सगळी रक्कम, दुसरा कमीत कमी भरायची. समजा चाळीस हजार थकले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे चौदाशे. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, दोनशे बावन्न. झाले सोळाशे बावन्न. यानं कमीत कमी म्हणून दोन हजार भरले, तर मुद्दलातून गेले किती? तीनशे अठ्ठेचाळीस!"

अक्कांचा हात बिबड्यावरच थांबला. "शेकडा साडेतीन, महिन्याला? अहो, हा तर सावकाराचा भाव झाला! माझे आजोबा शेकडा तीननं बुडाले, नि तोही सावकार गावात शिव्या खायचा!"

"शिवाय मागचं थकलेलं असलं की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. एटीएममधून त्या कार्डानं रोख काढली तर सगळं भरलेलं असलं तरी त्याच दिवसापासून व्याज, वर फी."

"मग तुम्हीच सांगा, कशाला आणायचा सावकार घरात?"

"कारण तोच सावकार वेळेवर सगळं दिलं तर एक पैसा घेत नाही. समजा बिल पाच तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख पंचवीस. सहा तारखेला पेट्रोल भरलं, तर ते पुढच्या पाचच्या बिलात येणार आणि त्यापुढच्या पंचवीसला द्यायचं. दीड महिन्यावर बिनव्याजी. तुम्ही किराणावाल्याकडे इतकी वर्षं हेच केलंत. पगार झाला की वही कोरी."

"वही कोरी करायला मी आहे. पोऱ्याचं काय?"

"त्याला वेसण घालता येते. नुसतं मागून बँक त्याला सहजी कार्ड देणार नाही, हिस्टरी नाही ना. मग वीस हजारांची मुदतठेव ठेवायची आणि तिच्यावर कार्ड मागायचं. बँकेला धोका नाही म्हणून ती देते. ठेवीच्या पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत खर्चाची मर्यादा मिळते, आणि ठेवीला व्याज चालूच राहतं. अमेरिकेत गेलेल्या आपल्या पोरांनाही तिथं पहिल्यांदा असंच करावं लागतं. इथं लाखाचा पगार असला तरी तिथल्या कॉम्प्युटरला ती दिसत नाहीत. डिपॉझिट ठेवून कार्ड घेतात आणि आकडा घडवतात."

"म्हणजे आमचा साक्रीचा पोऱ्या नि अमेरिकेचा इंजिनिअर, दोघं एकाच रांगेत?" अक्कांना हे फार आवडलं. बकरी एव्हाना खाटेजवळ पोचली होती, तिला चप्पल फेकून मारून त्या परत आल्या. "हं, पुढं."

"सोळा हजारांची मर्यादा असली तर चार-पाच हजारांच्या वर जायचं नाही. रिचार्ज आणि पेट्रोल, बस्स. पगाराच्या खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल असं लिहून द्यायचं. पूर्ण, कमीत कमी नाही, हे फॉर्मवर डोळ्यांनी बघायचं. साधारण सहा महिन्यांत आकडा दिसायला लागतो. आणि चार बँकांत एकदम अर्ज करू नको म्हणावं. प्रत्येक बँक चौकशी करते, चौकशीची नोंद होते, आणि पुढच्याला वाटतं हा पैशासाठी दारोदार फिरतोय."

"फोनवर तर रोज कुणीतरी पोरगी म्हणते, सर तुमचं कार्ड मंजूर झालंय!"

"न मागता कार्ड देणं रिझर्व्ह बँकेनं बंद केलंय. पाठवलंच, तर तुमच्या संमतीशिवाय ते चालू करता येत नाही. बंद करा म्हणून सांगितलं आणि काही बाकी नसली, तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही केलं तर दिवसाला पाचशे रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. फोनवर ओटीपी मात्र देवालासुद्धा सांगायचा नाही. आणि पैसे घेऊन सिबिल वाढवून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. फेडण्याशिवाय तो आकडा वाढत नाही."

"आणि ते मोबाइलवर टिंग करून पैसे जातात, त्यात कार्ड घालतात म्हणे?"

"रुपे कार्ड घालता येतं, २०२२ पासून. दुकानातला क्यूआर स्कॅन केला की खात्यातून न जाता कार्डातून जातात. मित्राला पाठवता येत नाहीत, दुकानदारालाच. पण पहिलं वर्षभर हे नकोच. शेवभाजीच्या गाडीवर टिंग, पानटपरीवर टिंग, आणि पाच तारखेला घाम."

अक्का जरा कुंपणाला टेकल्या. आवाज खाली आला, म्हणजे आता खरं काहीतरी निघणार.

"तो फायनान्सवाला म्हणाला, पोऱ्याची हिस्टरी नाही तर वडिलांना सहकर्जदार करा. काल रात्री पोऱ्यानं मोबाइलवर ह्यांचा रिपोर्ट काढला. फुकट निघतो म्हणे वर्षातून एकदा."

"निघतो. चारही कंपन्यांकडून एकेक. आपला आपण बघितला तर आकडा कमी होत नाही. काय निघालं?"

"ट्रॅक्टरचं कर्ज! थकलेलं! आमच्याकडे सायकलसुद्धा धड नाही. हे म्हणाले, कॉम्प्युटरची चूक असेल, दुसऱ्याचं आपल्या नावावर आलं असेल. आणि लगेच झोपले."

"चूक असली तर तक्रार करायची. पैसे पडत नाहीत. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. पण अक्का, त्या कर्जापुढं काय लिहिलंय? स्वतःचं, की जामीनदार?"

"गॅरेंटर का काय होतं बाई."

"मग चूक नाही. तुमच्या मालकांनी कुणाला तरी सही दिली आहे. जामीन राहिलं की त्याचं कर्ज आपल्या रिपोर्टातही दिसतं. त्यानं हप्ता चुकवला की डाग दोघांना."

अक्का काही बोलल्या नाहीत. मी अक्कांना गप्प फार थोड्या वेळा पाहिलंय. मग एकेक बिबडा उलटावा तसे शब्द आले. "शिंदखेड्याकडे माझी धाकली बहीण दिली आहे. तिच्या मालकानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा साडूसाडू दोन दिवस बरोबर फिरत होते. मी विचारलं, कुठं चालले? तर म्हणे, बैल बघायला!"

"बहिणीला आज फोन करू नका, डोकं तापलेलं आहे. आधी कर्ज किती थकलंय ते बघा. आणि साडूंना सांगा, बँकेशी सेटलमेंट करून अर्धवट मिटवू नका. 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, तो जामीनदारालाही जड जातो. सावकाश का होईना, पूर्ण भरा, आणि बँकेकडून काही देणं नाही असा दाखला घ्या."

"म्हणजे सहकर्जदार म्हणून हे बाद?"

"सध्या तरी."

अक्कांनी इकडेतिकडे बघितलं. गल्लीत बकरीशिवाय कुणी नव्हतं.

"वहिनी, एक विचारू? ह्यांना सांगायचं नाही. बायकांचा गट करून घरी मीटिंग घेतात ना ती फायनान्सवाली मुलं, आठवड्याला हप्ता... त्यांनी दिलेलं पण दिसतं का त्या सिबिलमध्ये?"

"दिसतं की. कर्ज गटानं घेतलं तरी नोंद ज्या त्या बाईच्या नावावर होते. का?"

"आमची पिठाची गिरणी!"

"ती तर तुमच्या भावानं भाऊबीजेला दिली होती ना?"

"ते ह्यांना सांगितलं. भाऊ कसला देतो, साडी देताना हात थरथरतो त्याचा! गटातून घेतली. त्यावर दुसरं घेतलं, मोटर बदलायला. दोन्ही फेडली."

"हप्ता एखादा चुकला?"

"चुकवून दाखवा! एकीनं दिला नाही तर बाकीच्या चौघी तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. एकदा माझ्या ओट्यावर बसायची वेळ आली, तर मी कानातले गहाण ठेवले पण हप्ता दिला."

"मग अक्का, तुमच्या घरात सगळ्यात दांडगी हिस्टरी तुमच्याच नावावर असणार. आज तुमचा रिपोर्ट काढा. गिरणीचं उत्पन्न बँकेतून जात असेल तर सहकर्जदार तुम्हीच व्हा. गाडी मिळेल, आणि पोऱ्या हप्ते भरत गेला की त्याचाही आकडा त्यातूनच तयार होईल. मग कार्डाची घाई नाही, वर्षभरानं बघू."

अक्कांनी पदर खोचला. रिकामी टोपली काखेत मारली आणि घराकडे निघाल्या, मग अर्ध्यावरून परत आल्या.

"ह्यांची ड्यूटी पाचला सुटते. आज आधी त्या ट्रॅक्टरच्या सहीचं काढते. चांगले खाली मान घालून बसले, की मग गिरणीचं सांगते. आधी गिरणीचं सांगितलं तर सगळा खेळ उलटा होईल ना माय!"