निर्भयांसाठी तेलाचा हिशेब

स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या लहानशा, बड्या प्रकाशकाच्या आश्रयाविना चालणाऱ्या संस्थेने २०१० साली आणलेला ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्याच्या धैर्याची कसोटी पाहतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रामुख्याने काटकसरीची कसोटी पाहतो, आणि या मतामुळे भुताखेतांच्या गोष्टींना चारचौघांत हसण्याचा लेखकाचा जुना लौकिक अबाधित राहतो, हा निव्वळ योगायोग समजावा.

खेळ प्रथमपुरुषी आहे, म्हणजे नायक डॅनियल पडद्यावर दिसत नाही, तर १८३९ सालचा प्रशियातील ब्रेननबर्ग किल्ला त्याच्याच डोळ्यांनी पाहावा लागतो. हाती शस्त्र नाही, फक्त कंदील. अंधारात रेंगाळले की त्याचे मानसिक संतुलन ढळते, उजेडात राक्षसांच्या नजरेस पडण्याचे भय, आणि राक्षसाकडे टक लावून पाहिले तरी डोके फिरते.

येथे तेलाविषयी विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. जाळले की तेल संपते, हे शास्त्र. पुढे लागेल म्हणून आज जाळू नये, हा संस्कार. ज्या घरात ‘खोलीत कोणी नाही, मग दिवा कशाला?’ हा प्रश्न उठताबसता विचारला जाई, तेथे वाढलेला माणूस किल्ल्यातील कपाटे उपसून तेल गोळा करतो आणि भिंत चाचपत अंधारातूनच चालतो. डॅनियलचे दात कराकरा वाजतात, भिंती वाकू लागतात, पडद्यावर किडे फिरतात. कंदील मात्र विझलेलाच. शेजारी बसलेला भाचा ‘मामा, तेल आहे ना, लाव की!’ असे कळवळून म्हणाला, तेव्हा ‘पुढे लागेल’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. हे ‘पुढे’ नेमके कोठे असते, याचा खुलासा मध्यमवर्गीय तत्त्वज्ञानाने अद्याप केलेला नाही.

दारांची व्यवस्था विशेष क्रूर आहे, कारण दार माउसने धरून खरोखर ओढावे किंवा ढकलावे लागते. फटीतून डोकावण्याची सोय होते खरी, पण मागे गुरगुर ऐकू आली की नेमके ओढायचे दार ढकलले जाते. अशा वेळी लेखकाची खुर्चीही मागे सरकली, ती पाठदुखीमुळे. कोड्यांत मात्र त्याला विलक्षण गोडी वाटली, उदाहरणार्थ चार रसायने शोधून वाट अडवणारा मांसल थर विरघळवणारे आम्ल तयार करणे. कोडे सुटले की डॅनियलचे डोके ताळ्यावर येते, त्यामुळे पळून कोड्याकडे जाण्याला ‘बौद्धिक रुची’ म्हणता येते.

पुढे सापडणाऱ्या टिपणांतून उलगडते, की किल्ल्याचा मालक अलेक्झांडर याच्या सांगण्यावरून डॅनियलनेच येथे माणसांचा छळ केला आणि मग सारे विसरण्यासाठी औषध प्यायले. येथे विनोद आवरावा लागतो. घाबरलेला माणूस निर्दोषच असणार, असे किती सहज धरून चालले जाते. कपाटात धापा टाकणाऱ्याची दया येत राहते, आणि त्याच्या हाताखाली किंचाळले ते कोण होते, हे विचारायचे राहून जाते. ‘आठवत नाही’ एवढ्यावर सुटका होत असेल, तर ते औषध पिणारे केवळ किल्ल्यांत राहत नाहीत, याची चीड येते.

खेळाला तीन शेवट आहेत. त्यांपैकी एकात खेळाडू काहीच करत नाही, अलेक्झांडर निसटतो आणि पाठलागावरील ‘सावली’ डॅनियलचा घास घेते. लेखकाच्या वाट्याला हाच शेवट आला, कारण निर्णायक क्षणी तो भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा होता. तथापि डॅनियलला मुद्दामच शिक्षा होऊ दिली काय, असे भाच्याने आदराने विचारताच लेखकाने ते तत्काळ मान्य केले.