बसू दे

श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली म्हणतात. आमची नाशिकची द्वारका रोज संध्याकाळी वाहनांत बुडते आणि रात्री उशिरा हळूच वर येते. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे मानपानावर अडलेल्या व्याह्यांसारखे समोरासमोर उभे असतात. त्या खोळंब्यात रिक्षात बसून मी गाळाचा विचार करतो. पहिल्या पावसात इथली धूळ नासर्डीत उतरते, नासर्डी ती टाकळीला गोदावरीच्या ओटीत घालते, आणि गोदावरी ते सगळं सांभाळत निफाडकडे निघते.

तिथे नांदूरमध्यमेश्वरला, कादवेच्या संगमावर, इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. पाणी अडवता अडवता त्यानं गाळच जास्त मनापासून अडवला. गाळाची बेटं झाली, बेटांवर पक्षी उतरले, आणि २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून त्याचा गौरव झाला. गाळात गेलेल्याला हार घातल्याचं हे एकच उदाहरण असावं. तळ्याचा गाळ म्हणजे वाण्याची रोजकीर्द: जुनं खाली, नवं वर, आणि उधारी कधीच माफ नाही. लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या दहा मीटर गाळात शास्त्रज्ञांनी अकरा हजार वर्षांचे पाऊस आणि दुष्काळ वाचले. कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाच्या तळाशी तर १९५०नंतरच्या थरांत अणुचाचण्यांचं प्लुटोनियम निघालं. आमच्या पानांवर द्राक्षबागांत फवारलेल्या मोरचुदातलं तांबं असणार, आणि या चौकाच्या धुरातलं शिसंही. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, तिथून पुढे ती नोंद फिकट होत गेली असेल.

पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी यायचं, तेव्हा आजी हंड्यात तुरटी फिरवायची आणि मला दटावायची, "हलवू नकोस रे, बसू दे." सकाळी वरचं नितळ पाणी माठात जाई, बुडाचा गाळ तुळशीला. दुधाच्या पिशव्याही ती धुऊन दोरीवर वाळत घालायची. तिच्या अस्थी आम्ही रामकुंडात सोडल्या. तिथे त्या विरघळतात म्हणतात. म्हणजे आजीही एव्हाना नांदूरला पोचून बसली असेल. हजार वर्षांनी कुणी तिथे नळी खुपसली, तर आजीचा थर त्याला निव्वळ माती वाटेल. त्याच्या वर लगेच माझा सुरू होईल, शाम्पूच्या पुड्यांसकट, आणि तो वाचायला त्याला चष्मासुद्धा लागणार नाही.

रिक्षा अजून हललेली नाही. मागून हॉर्न वाजतायत. बसू दे.