कार्ड आजारी, माणूस ठणठणीत

आमच्या पनागरात खुशाली विचारायची रीत बदलली आहे. पूर्वी लोक 'कैसे हो, दादा' म्हणायचे. आता 'कार्ड बना?' असं विचारतात. कार्ड म्हणजे सरकारी खर्चाने उपचार मिळवून देणारं आयुष्मान कार्ड. बनलं असेल तर माणूस सुखरूप आहे, असं समजायचं.

परवा मटारच्या दिवसांत गावात एक फुकट तपासणी शिबिर लागलं होतं. मीही गेलो. रक्तदाब मोजणारा मुलगा माझ्या दंडाला पट्टा बांधत होता, पण त्याची नजर माझ्या खिशावर होती. 'आयुष्मान कार्ड है?' मी नाही म्हणालो. त्याने पट्टा सोडला. माझा आजार जागच्या जागी बरा झाला. मागे उभ्या असलेल्या मावशींकडे मात्र कार्ड होतं. त्यांना ताबडतोब तीन गोष्टी निघाल्या: अशक्तपणा, अंगातलं पाणी कमी होणं आणि शहरात न्यायला गाडी. मावशी दुसऱ्या दिवशी सलाईन टोचून आणि दोन कागदांवर अंगठा उठवून परत आल्या. कशाला अंगठा लावला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "चहा चांगला होता."

पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या जबलपुरात तर याहून मोठा पाहुणचार झाला होता. ऑगस्ट 2022 मध्ये पोलीस आणि आरोग्य विभागाने तिथे छापा टाकला, तेव्हा एका खासगी रुग्णालयाचे आयुष्मान कार्डवरचे 'रुग्ण' चक्क हॉटेलच्या खोल्यांत सापडले. आम्हाला मात्र उगीच वाटत होतं की गरिबाला हॉटेलात राहणं परवडत नाही.

या धंद्यात आजारी कार्ड पडतं, माणूस नुसता त्याला सोबत म्हणून जातो. बिल सरकार भरतं, त्यामुळे ते रुग्णाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या बिलाचा राग कोणाला येत नाही. 'आपल्या खिशातून काय गेलं?' हा पनागरचा लाडका प्रश्न. जातं ते असं: कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं ताट वाढलेलं असतं. त्यातला घास दुसऱ्याने खाल्ला आणि पुढे घरात कोणाची खरोखरच छाती दुखली, तर ताटात तितकंच कमी उरतं.

देशाचा हिशेब त्याहून रंजक आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, सांगितलं की आयुष्मान योजनेच्या 7,49,820 लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर आहे: दहा वेळा नऊ. इतकं मोठं एकत्र कुटुंब तर आमच्या आजोबांच्या काळातही नव्हतं! आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की ओळख पटवण्यात मोबाईल नंबराचा काही संबंधच नाही. खुलासा नियमाला धरून असेलही. पण उद्या कोणी मावशींना 'तुमच्यावर खरंच उपचार झाले का' असं विचारायचं ठरवलं, तर तो फोन कोणाच्या घरी वाजणार?

त्याच अहवालात आमच्या मध्य प्रदेशचा मानाचा उल्लेख आहे. आधीच मृत म्हणून नोंदलेल्या 403 रुग्णांच्या उपचारापोटी इथे सुमारे 1.12 कोटी रुपये दिले गेले. रुग्ण गेला तरी उपचार सोडायचे नाहीत, ही चिकाटी जिवंत रुग्णाच्या वाट्याला येती तर योजनेची आरतीच केली असती. बरं, योजना वाईट नाही. हिच्या जोरावर अनेकांची ऑपरेशनं झाली, शेत विकावं लागलं नाही. म्हणून तर चोराला हीच गाय दुभती वाटते.

तेव्हा मावशी, आणि तुम्हीही, एवढं करा. शिबिरात कोणी कार्ड मागितलं, तर आधी आजार कोणता ते विचारा. घरी सोडताना ज्या कागदावर अंगठा मागतील तो नातवाकडून वाचून घ्या, आणि न झालेले उपचार त्यात दिसले तर योजनेच्या 14555 या हेल्पलाइनवर फोन करा. रुग्णालयात कार्डाच्या कामासाठी आयुष्मान मित्र बसतो, त्याला आपल्या नावापुढचा मोबाईल नंबर विचारा. दहा नऊ निघाले तर तिथेच उभं राहून बदलून घ्या.